रमाबाई रानडे आणि दारी येणारी परिचारिका

स्मरणिकेसाठी कै. रमाबाई रानडे यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मंडळाने सुचविले, तेव्हा मला प्रथम आठवली ती आपल्या हिंजवडीत लशीची पेटी घेऊन घरोघर येणारी आरोग्यसेविका. ती बाळाला लस टोचते, गरोदर सुनेची चौकशी करते आणि आपण तिला चहा विचारतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुलीन घरातील बाईने असे काम करणे म्हणजे घराण्याला बट्टा समजत.

रमाबाई मूळच्या कुर्लेकरांच्या. २५ जानेवारी १८६२ रोजी, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह. पतीने स्वतः शिकविले आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे त्यांना वर्षानुवर्षे सोसावे लागले. (सासुरवाशिणींना हे वेगळे सांगायला नको!) १९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. पुढे १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले.

त्याआधी बारा वर्षे, १८९७ च्या प्लेगात, पुण्याने रोगप्रतिबंधाची एक तऱ्हा पाहिली होती. गोरे शिपाई घरात शिरून माजघर-देवघर धुंडाळीत आणि लोक दुखणेकऱ्याला लपवून ठेवीत. माझ्या मते रोग उंबऱ्याबाहेर अडवायचा तर आत येणारे माणूस विश्वासाचे हवे, आणि माजघरापर्यंत पोचायचे तर ते बाईमाणूसच हवे. सेवासदनाने नेमकी अशी बाई घडविली. तरुण विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण मिळू लागले.

लोक मात्र हसत. एका समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीतल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपास रमाबाई उठल्या. एरवी शांत असणाऱ्या त्या बाईंनी त्या शिकलेल्या पोरांना असे सुनावले, की सभा चिडीचूप झाली. घरोघरच्या तरुण विधवांची उपमर्द-अवहेलना त्यांनी सर्वांपुढे उघडी मांडली. त्यानंतर परिचारिका होण्यासाठी मुलींचे अर्ज येऊ लागले. मला तर त्यांच्या साऱ्या चरित्रात हा प्रसंग मोठा वाटतो. कारण रुग्णालयात जागा मिळविणे एक वेळ सोपे, पण त्या कामाला अब्रू मिळवून देणे कठीण.

पुढे सेवासदनाने प्रसूतीची सोय केली, बालसंगोपनाचे कार्यही हाती घेतले. म्हणजे आजारी पडलेल्याची शुश्रूषा करता करता, मूल आजारीच पडू नये इकडे दृष्टी वळली.

रमाबाई १९२४ साली गेल्या. दुखणे येण्याआधी गावोगाव पोचावे, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे व घरोघर जाणाऱ्या परिचारिका असाव्यात, अशी शिफारस भोर समितीने केली ती १९४६ साली. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे आणि शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.