प्रयोगाची किंमत

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली आहाराचे प्रयोग चालू होते. सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच रोजच्या जेवणात घेऊन त्यांचे परिणाम पाहिले जात. प्रयोगकर्ते होते महात्मा गांधी. आणि ज्या देहावर प्रयोग व्हावयाचा, तो त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचाच असे.

ही रीत योगायोगाची नव्हती. १८८८ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेस गेलेला हा तरुण तेथील शाकाहारवाद्यांत रमला आणि घरची भूतदया त्याच्या ठायी विचारपूर्वक पत्करलेले तत्त्व बनली. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये, मानवी देहाच्या काळजीपोटी हजारो प्राण्यांची जिवंतपणी चिरफाड करणाऱ्या वैद्यकावर त्यांनी कठोर टीका केली.

तथापि हा विरोध आंधळा नव्हता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला त्यांनी सुई टोचवून मरण दिले आणि लोकांचा रोष पत्करला. तेथे मृत्यू वासराच्याच सुटकेसाठी होता. प्रयोगशाळेत मात्र वेदना प्राण्याची आणि लाभ माणसाचा. नफा एकाच्या खाती व खर्च दुसऱ्याच्या, तोही संमतीवाचून, हा हिशेब त्यांना अमान्य होता.

त्यांच्या जीवनातील विसंगतीही झाकता येत नाही. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली. ज्या वैद्यकाला दोष दिला, त्यानेच त्यांचे प्राण वाचविले. पण या उपकाराने मूळ प्रश्न मिटत नाही. उलट लाभ घेणाऱ्यावरील ऋण वाढते.

१९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहावयास गेले. तेथे साप मारीत नसत. चिमट्याने धरून दूर सोडीत. १९४८ मध्ये त्यांचा अंत झाला. देशाने त्यांचा मार्ग पूर्णपणे स्वीकारला नाही. १९६० च्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांना बंदी न घालता बंधने घातली; १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने प्रयोगांसाठी होणारी माकडांची निर्यात थांबविली.

१९६९ पासून सेवाग्रामातच वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोग्याचे दुःख दूर करण्याची विद्या तेथे शिकविली जाते. त्या विद्येची किंमत आजवर किती मुक्या जीवांनी मोजली आणि यापुढे त्यांतील किती वाचविता येतील, हा हिशेब विद्यार्थ्याने मांडलाच पाहिजे.