गंध जाणणारा कैदी

नगर शहराच्या पूर्वेला, भिंगारच्या बाजूला असलेल्या भुईकोट किल्ल्याची ख्याती शौर्याची आणि कारावासाची आहे. चांदबिबीने याच तटावरून मोगलांशी झुंज दिली, १८०३ मध्ये वेलस्लीने तो इंग्रजांच्या पदरात टाकला आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीतील बहुतेक नेते त्याच्या आत कोंडले गेले. जवाहरलाल नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच इमारतीत, त्याच काळात आणखी एक थोर पुस्तक लिहिले गेले. ते उर्दूत आहे. पहाटेचा चहा, चमेलीचा दरवळ, चिमण्यांचे घरटे, सतारीची आठवण आणि एक न पाहिलेला मृत्यू एवढीच त्याची सामग्री. पुस्तकाचे नाव ‘गुबार-ए-खातिर’, म्हणजे मनावर साचलेली धूळ. लेखक, त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलाना अत्तरे गाळणारे अत्तार नव्हते. परंतु अत्ताराला जे लागते ते त्यांच्यापाशी भरपूर होते. घडवलेले नाक, घडवलेली जीभ, आणि बाजारात सर्वांना आवडते म्हणून आपल्यालाही आवडावे ही सक्ती न मानणारा स्वभाव. नगरच्या किल्ल्यातील पावणेतीन वर्षांत या गुणांची जी कसोटी लागली, तिची ही हकिगत आहे.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठा शिष्यपरिवार असलेले धर्मगुरू, आई मदिनेच्या विद्वान घराण्यातील. हे कुटुंब पुढे कलकत्त्यात स्थायिक झाले. मुलाला शाळेत घालणे वडिलांना मान्य नव्हते. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित सारे घरीच शिकवले गेले. विवाह कोवळ्या वयात झाला. घरातील वळण इतके कडक होते की, हा मुलगा पुढे आपणहून ज्या ज्या गोष्टींकडे वळला, त्या जणू भिंतीवरून उडी मारूनच त्याने मिळवल्या.

संगीत हे त्याचे ठळक उदाहरण. एका पुस्तकविक्रेत्याकडे फकीरुल्लाह सैफखानाच्या ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथाचे हस्तलिखित हाती पडले आणि केवळ वाचून संगीत उमगत नाही हे लक्षात येताच तरुण आझादांनी मसीता खान यांच्याकडे सतार शिकायला घेतली. चार-पाच वर्षे बोटांना नख्या होत्या. आग्र्यास असताना चांदण्या रात्री सतार घेऊन ताजमहालाच्या मागच्या बाजूस, यमुनेच्या अंगाला बसून त्यांनी ती वाजवलेली आहे. पुढे सतार सुटली, पण कान सुटला नाही. धर्मशास्त्राच्या या पंडिताने उतारवयात कबूल केले आहे की, आयुष्यातील इतर सारे सोडता येईल, सुरांवाचून मात्र आपले चालणार नाही.

जुलै १९१२ मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढले. सरकारने ते बंद पाडले तेव्हा ‘अल-बलाग’ काढले. १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी झाली आणि १९१९ सरेपर्यंत रांचीस स्थानबद्धता. पुढे असहकाराच्या पर्वात १९२२ च्या फेब्रुवारीत एक वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा पत्नी झुलेखा बेगम यांनी गांधीजींना कळवले की, शिक्षा अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली आणि पतीचे बंगालमधील काम आता आपण पाहू. पडद्यात वाढलेल्या या बाईंचे हे धैर्य लक्षात ठेवावयास हवे, कारण पुढे त्या बोलताना फारशा दिसत नाहीत. १९२३ मध्ये वयाच्या पस्तिशीत आझाद काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९४० मध्ये पुन्हा झाले आणि ‘चले जाव’च्या वादळात तेच अध्यक्ष होते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत, भुलाभाई देसाई यांच्या घरी त्यांना अटक झाली. गाडीत इतर नेते होतेच. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसकडे नेण्यात आले आणि कार्यकारिणीची तुकडी नगरच्या किल्ल्यात आली. नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव असे, आझादांसह, बारा जण. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रदेखील नव्हते. दुसऱ्याच दिवशी, १० ऑगस्टला, मौलानांनी कागद पुढे ओढला आणि आपले स्नेही नवाब सदर यार जंग, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे पत्र लिहायला घेतले. पत्र टपालात पडणार नाही हे माहीत होते. तशी पत्रे पुढे वर्षभर साचत गेली. त्या पहिल्याच पत्रात निजामशाहीच्या संस्थापक मलिक अहमदापासून चांदबिबी आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्यापर्यंत या किल्ल्याचा सारा इतिहास त्यांनी आठवणीतून उभा केला आहे. तुरुंगाच्या अधीक्षकालाही त्यांनी आणि सोबत्यांनी किल्ल्याच्या इतिहासातलेच नाव देऊन टाकले, चीता खान.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. सारे निजलेले असताना स्वतःच्या हाताने चहा करीत आणि घोट घेत लिहीत. हा चहा चीनमधून आलेला, ‘व्हाइट जस्मिन’ नावाचा. दुधाचा थेंब नाही, साखर हवी पण स्फटिकासारखी स्वच्छ. चहात दूध घालण्याची रीत इंग्रजांनी लावली आणि हिंदुस्थानाने ती डोळे मिटून उचलली, असे त्यांचे मत होते. दुधाळ, दाट चहा त्यांच्या लेखी पातळ शिऱ्याच्या जातीचा पदार्थ होता. नेहरू चहा बिनदुधाचा घेत, एवढ्यापुरते ते मौलानांच्या पंक्तीचे; पण पानांच्या निवडीत त्यांची मजल साध्या पेकोपलीकडे जात नाही, याची मौलानांना हळहळ वाटे. शिवाय नेहरूंना गूळ आवडे! या प्रकरणावर मौलानांनी जी पाने खर्ची घातली आहेत ती वाचताना, बाहेर देश पेटलेला असताना हा मनुष्य चहाच्या जातींवर लिहीत बसतो कसा, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर बहुधा त्या चहाच्या घडणीतच आहे. चमेलीचा म्हणून ओळखला जाणारा चिनी चहा खरे म्हणजे आपल्या मोगऱ्याच्या जातीच्या फुलांनी सुगंधित केलेला असतो. दिवसा खुडलेल्या मिटल्या कळ्या संध्याकाळी उमलू लागतात. त्या वेळी वाळलेल्या चहाच्या पानांत त्या मिसळून रात्रभर ठेवायच्या, सकाळी निस्तेज झालेली फुले काढून टाकायची, चहा पुन्हा वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कळ्यांनी पुन्हा तेच करायचे. उंची चहाला असे अनेक हात द्यावे लागतात. आपल्याकडचे फुलेल तेल याच रीतीने होते. सोललेल्या तिळांवर फुलांचे थर बदलत राहायचे, तीळ गंध पिऊन तृप्त झाले की घाण्याला लावायचे. फ्रान्समधील ग्रास गावचे अत्तरकार काचेच्या तावदानावर चरबी पसरून त्यावर जाईची फुले अंथरीत, तोही याचाच भाऊबंद. मोगरा खुडल्यानंतरही तासन् तास गंध निर्माण करीत राहतो, म्हणून ही युक्ती साधते. देठापासून तुटलेले फूल रात्रभर दरवळत राहते आणि शेजारच्या कोरड्या पानाला आपला गंध देऊन जाते. ज्याच्या नाकाला हे उमगले होते त्याने तुरुंगात आपला पेला सोडू नये, यात नवल नाही. सरकारने कपडे, जागा, वेळ, बातम्या सारे ठरवून दिले होते. पहाटेचा एक तास तेवढा मौलानांनी स्वतः बांधलेला होता. घोट, मग सिगारेटचा झुरका, मग पुन्हा घोट, हा क्रमही ठरलेला.

निवासाच्या अंगणात प्रथम उजाड जमीन होती. नेहरूंना बागकामाचे वेड. बियाणे मागवले गेले, वाफे झाले आणि हिवाळ्यात अंगण फुलले. बागेपाठोपाठ बुलबुल आले. खोल्यांत मात्र चिमण्या आधीपासूनच होत्या. मौलानांच्या छताशी त्यांची घरटी, खाली काडीकचरा. मौलानांनी छत्री उगारून त्यांच्याशी युद्ध पुकारले, हरले, आणि मग तह म्हणून तांदळाचे दाणे ठेवू लागले. काही दिवसांत पाखरे हातावर बसून दाणे टिपू लागली. त्यांची नावेही पडली. कोणी मोती, कोणी कलंदर, कोणी मुल्ला, कोणी सूफी. मार्च १९४३ मधील या पत्रांइतके खेळकर गद्य उर्दूत क्वचितच सापडेल.

त्याच महिन्यात कलकत्त्याहून चिंतेच्या बातम्या येऊ लागल्या. झुलेखा बेगम बऱ्याच काळापासून आजारी होत्या. १९४१ मध्ये मौलाना नैनीच्या तुरुंगात असतानाच दुखणे बळावले होते. हवापालटासाठी त्या रांचीला राहून जुलै १९४२ मध्ये परतल्या तेव्हा थोड्या सुधारलेल्या वाटत होत्या. मुंबईच्या अधिवेशनासाठी मौलाना निघाले, तेव्हा दारापर्यंत येऊन त्यांनी निरोप घेतला, त्यापलीकडे काही बोलल्या नाहीत. आता प्रकृती हाताबाहेर चालली होती. अधीक्षकाने सुचवले की, सरकारला काही विनंती करायची असल्यास आपण ती तातडीने मुंबईस पोहोचवू. मौलानांनी काही मागायचे नाही असे सांगितले. अधीक्षक नेहरूंकडे गेला, नेहरू मौलानांशी बोलले. उत्तर तेच राहिले.

त्या दिवसांविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते वाचून त्यांच्याविषयी आदर वाटतो आणि थोडी अस्वस्थताही. रोजचा कार्यक्रम तिळमात्र बदलायचा नाही, असे त्यांनी ठरवले. जेवणाच्या वेळी टेबलावर हजर, गप्पांना हजर. वर्तमानपत्र यायच्या वेळी अधीक्षकाची पावले वाजली की काळीज धडधडे. पण ते मान वर करीत नसत, लिहिण्यात गढल्याचे दाखवत, अंक बाजूला पडू देत आणि मग सावकाश उचलत. हे सारे सोंग होते आणि त्यामागे आपला धीर सुटलेला कोणाला दिसू नये हा अहंकार होता, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांच्यावर आत्मप्रौढीचा आरोप करणाऱ्या टीकाकारांनी हे पान जरूर पाहावे. असे असले तरी, चहाच्या पानांना या ग्रंथात जितकी जागा आहे तितकी छत्तीस वर्षांच्या सहचारिणीला नाही, हे सत्यही उरतेच.

९ एप्रिल १९४३ रोजी तार आली. ११ एप्रिलच्या पत्रात मौलानांनी हे सारे लिहिले. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर आहे, कोणाची ते माहीत नाही. येता-जाता शेकडो वेळा पाहिलेल्या त्या कबरीशी आता आपले काही नाते जुळल्यासारखे त्यांना वाटू लागले. जिवंतपणी भेटीसाठी अर्ज न करणाऱ्या मौलानांनी नंतर मात्र व्हाइसरॉयला पत्र पाठवले. मला तात्पुरते कलकत्त्याच्या तुरुंगात हलवले असते तरी अखेरची भेट झाली असती, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याला उत्तर आले नाही. तीनएक महिन्यांनी बहिणीच्या मृत्यूची बातमी आली. त्या सप्टेंबरमधील शेवटचे पत्र संगीतावर आहे. सतारीची ती हकिगत त्यातलीच.

१९४५ मध्ये त्यांना नगरहून बंगालमधील बांकुडा येथे हलवण्यात आले आणि जूनमध्ये मुक्तता झाली. हावडा स्थानकावर प्रचंड गर्दी होती, मोटार हारांनी भरून गेली. घरी जाण्याआधी त्यांनी मोटार पत्नीच्या कबरीकडे घ्यायला सांगितली. मिळालेल्या हारांपैकी एक उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मुक्यानेच फातिहा म्हटला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना सिमल्याच्या परिषदेला जायचे होते.

‘गुबार-ए-खातिर’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी पाहिलेल्या कामांत विद्यापीठ अनुदान आयोग आणि खरगपूरची आयआयटी यांचे नाव नेहमी घेतले जाते. पण ताजमहालामागे सतार छेडलेल्या माणसाच्या कारकिर्दीतच संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी स्थापन झाल्या, हेही नोंदवायला हवे. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये मरणोत्तर ‘भारतरत्न’ जाहीर झाले. जामा मशिदीसमोर त्यांची कबर आहे. नगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नेत्यांच्या खोल्या मात्र अजून किल्ल्यात जपलेल्या आहेत. तेथे येणारा मराठी माणूस नेहरूंची खोली कोणती, हेच सहसा आधी विचारतो.