मुळाला धरून राहिलेला गुरू

ही मारामारी म्हणावी की नाच? कापोएरा पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. लोकांच्या गोलात दोघे जण झुलत असतात, हातांवर उलटे होऊन लाथ झाडतात, चुकवतात. शेजारी बेरिंबाव नावाचे धनुष्यासारखे एकतारी वाद्य ताल धरते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या माणसांच्या चालीरीतींतून ही कला घडली. तिचे आफ्रिकी मूळ जपण्यासाठी आयुष्य वेचणारे गुरू म्हणजे व्हिसेंते फेरेरा पास्तिन्या.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८८९ रोजी साल्वादोर शहरात झाला. ब्राझीलमधील गुलामगिरी संपून तेव्हा वर्षही उलटले नव्हते. वडील स्पॅनिश, आई कृष्णवर्णीय. पोर अंगाने किरकोळ; एक थोराड मुलगा त्याला नेहमी बदडून काढी. बेनेदितो नावाच्या वृद्ध आफ्रिकी गृहस्थाने खिडकीतून हे पाहिले आणि मुलाला बोलावून कापोएराचे धडे दिले, अशी हकिकत पास्तिन्या पुढे सांगत. १८९०च्या दंडसंहितेने ही कला गुन्हा ठरवली होती. म्हणजे गुरू-शिष्य दोघेही कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच!

पास्तिन्यांनी पोटासाठी बूट पॉलिश केले, जुगाराच्या अड्ड्यावर पहाराही दिला. १९३०च्या दशकात बंदी सैल झाली. त्याच शहरात बिंबा या नामवंत गुरूंनी नवे डावपेच घालून वेगवान कापोएरा रुजवली. पास्तिन्यांनी मात्र जुनी, संथ, हुलकावण्यांची रीत सोडली नाही. १९४१ मध्ये त्यांनी या रीतीची धुरा हाती घेतली आणि पुढे शाळा उभारली. या रीतीचे नावच मुळी ‘अंगोला’. बळापेक्षा धूर्तपणा आणि संयम मोठा, ही त्यांची शिकवण.

१९६६ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरातील कृष्णवर्णीयांच्या कलामहोत्सवाला ते शिष्यांसह गेले. पूर्वजांना साखळदंडांत जिथून नेले, त्या खंडात ही विद्या सन्मानाने परतली. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती.

मायदेशी मात्र नशिबी उपेक्षाच आली. १९७१ मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली शाळेची जागा रिकामी करून घेतली गेली. ती त्यांना परत मिळाली नाही. पुढे तिथे उपाहारगृह निघाले. १३ नोव्हेंबर १९८१ रोजी अंध, कफल्लक अवस्थेत त्यांचे निधन झाले.

२०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या गोलाला मानवजातीच्या वारशाचा मान दिला. ज्या कलेचा देशाला आज अभिमान आहे, तिच्या राखणदाराला मात्र म्हातारपणी हक्काचे छप्पर लाभले नाही. शिष्यांनी ती रीत देशोदेशी नेली, हीच त्यांची खरी मिळकत.