पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या मुली

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आपल्या हिंगोलीकडच्या पोरांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून रमाबाई शिकवताना मी पदव्यांपासून नाही, भुकेपासून सुरुवात करते.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म १८५८ चा. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. उरलेली दोघं भावंडं पायी भटकत कोलकात्याला पोचली. तिथं संस्कृतच्या ज्ञानामुळे त्या ‘पंडिता’ झाल्या. लग्न झालं, दोन वर्षांतच वैधव्य आलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे बरंच वादळ उठलं. मुलांपासून हे लपवू नका.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. भूक काय असते हे त्यांना ठाऊक होतं. त्या थेट मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या आपल्या शेतावर त्यांना ठेवलं. हेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. नुसतं जेवण नाही हो, शिवण, विणकाम, छपाईसुद्धा! अंध मुलींना लेक मनोरमा ब्रेल शिकवायची.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.