सैनिक सिनानचे पाणी

इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीचा स्थपती सिनान हा मूळचा जॅनिसरी सैनिक. कैसेरीजवळच्या ख्रिस्ती घरातील हा मुलगा ऑटोमन सत्तेने सक्तीने उचलला. या अन्यायाची भलामण करण्याचे कारण नाही. बेलग्रेड (१५२१) आणि मोहाच (१५२६) या मोहिमा त्याने पाहिल्या. १५३८ च्या मोल्दावियावरील स्वारीत प्रुत नदीच्या दलदलीवर त्याने थोड्याच दिवसांत पूल बांधला. लवकरच, चाळिशी उलटल्यावर, तो प्रमुख स्थपती झाला आणि १५८८ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. एदिर्नेच्या सेलिमियेचा सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट जगाने वाखाणला. पण सिनानची थोरवी त्याच्या जलसेतूंत अधिक आहे. १५६३ च्या महापुराने ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा सत्तरीच्या घरातील या जुन्या सैनिकाने मागलोव्हा येथे नवी दुमजली कमान उभारून राजधानीच्या सार्वजनिक पाणपोयांना पुन्हा पाणी पोहोचविले.