गुलामीतून मालकीकडे : बिडी मेसन



महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण ते गुलाम सुटल्यावर पुढे काय झाले, कोण कुठे राहिले, कशावर जगले, हे आपण फारसे वाचत नाही. म्हणून एका बाईची हकीकत सांगतो.

बिडी हे नाव ऐकून कोणी हसू नये. मूळ नाव ब्रिजेट, त्याचं घरगुती रूप बिडी. आडनाव नव्हतंच. गुलामाला कसलं आडनाव? मेसन हे त्यांनी सुटका झाल्यावर लावलं.

जन्म 1818 चा, अमेरिकेच्या दक्षिण भागातला. लिहा-वाचायला कोणी शिकवलं नाही, पण झाडपाल्याचं औषध आणि बाळंतपण करण्यात हात तयार झाला. मालक रॉबर्ट स्मिथ. त्याने 1848 मध्ये मिसिसिपी सोडून पश्चिमेला युटाकडे जायचं ठरवलं. मालकाचा संसार गाड्यांतून, आणि बिडीबाई गाड्यांच्या मागनं गुरं हाकत पायी. सुमारे 1700 मैल. कर्जतहून चालत दिल्लीला जावं आणि तसंच चालत परत यावं, एवढं ते अंतर. बरोबर तीन मुली, धाकटी अंगावर पिणारी.

1851 मध्ये स्मिथ सगळ्यांना घेऊन कॅलिफोर्नियात आला. त्या राज्यात कायद्याने गुलामगिरी नव्हती. पण कायदा कागदावर आणि माणूस मालकाच्या दारात, हे आपल्याला नवीन नाही. पुढे स्मिथने टेक्सासला निघायची तयारी केली. तिथे गुलामी चालू होती. तेव्हा रॉबर्ट ओवेन्स या स्वतंत्र काळ्या व्यापाऱ्याने अधिकाऱ्यांना खबर दिली आणि प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं. गोऱ्याच्या विरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. म्हणून न्यायाधीश बेंजामिन हेस यांनी बिडीबाईंना आपल्या खोलीत बोलावून विचारलं. टेक्सासला जायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जानेवारी 1856 मध्ये बिडीबाई, त्यांच्या मुली आणि इतर मिळून 14 जण मुक्त झाले.

सुटका झाली, पण खायचं काय? एका डॉक्टरकडे त्या सुईण आणि नर्स म्हणून लागल्या. मजुरी दिवसाला अडीच डॉलर. गोरे-काळे, गरीब-श्रीमंत, सगळ्यांकडची बाळंतपणं केली, देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली. दहा वर्षं पै-पै जमवली आणि 1866 मध्ये 250 डॉलरला स्प्रिंग स्ट्रीटवर जागा घेतली. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. सही येत नव्हती, सहीच्या जागी फुली.

जागा तेव्हा गावाबाहेर होती. आज आपल्याला कोणी अशी जागा दाखवली तर आपण म्हणू, इथं काय करायचं? पण बिडीबाईंची नजर पक्की. 1850 मध्ये त्या गावाची वस्ती जेमतेम 1600, तीच 1890 मध्ये 50 हजारांवर गेली. 1876 मध्ये रेल्वे आली आणि गाव त्यांच्या जागेकडे सरकत आलं. 1884 मध्ये त्यांनी जागेचा काही भाग 1500 डॉलरला विकला, उरलेल्या जागेवर इमारत बांधली, खालचे गाळे भाड्याने दिले आणि वर स्वतः राहिल्या. त्या शहरात जमीन घेणाऱ्या पहिल्या काळ्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. भाव आला म्हणून सगळं विकून मोकळ्या झाल्या नाहीत. पहिली घेतलेली जागा विकायची नाही, असं मुलाबाळांना बजावून ठेवलं होतं.

इथे मला आपली वतनं आठवतात. महार वतनाची जमीन होती खरी, पण तिच्याबरोबर चाकरी होती, गावकीची कामं होती. 1958 च्या कायद्याने ती वतनं गेली. बिडीबाईंच्या जमिनीला कसलीही चाकरी चिकटलेली नव्हती, फरक तो आहे. आणि आज कर्जत-खालापूरला फार्महाऊससाठी जागा शोधत गाड्या फिरतात. लग्नाच्या खर्चापायी गुंठा-गुंठा कसा जातो, ते सातबारा काढून ज्याने त्याने आपापल्या घरी बघावं.

मिळालेल्या पैशाचं त्यांनी काय केलं? 1872 मध्ये काळ्या लोकांच्या पहिल्या चर्चची स्थापना त्यांच्याच घरात झाली. तुरुंगातल्या कैद्यांना त्या भेटायला जात. 1880 नंतर पूर आला तेव्हा घरं गेलेल्या कुटुंबांना, गोरी असोत की काळी, वाण्याकडून आपल्या खात्यावर माल घ्यायला सांगितलं. दारासमोर गरजूंची रांग लागायची. शहर त्यांना आजी मेसन म्हणू लागलं.

15 जानेवारी 1891 रोजी बिडीबाई वारल्या. एवढ्या मालकिणीच्या थडग्यावर जवळपास शंभर वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो 1988 मध्ये बसवला, शहराचे पहिले काळे महापौर टॉम ब्रॅडली यांच्या उपस्थितीत. 1989 मध्ये, जिथे त्यांचं घर होतं त्याच जागी, 81 फूट लांबीची भिंत उभी राहिली. दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी त्यांचं सगळं आयुष्य तिच्यावर कोरलेलं आहे.