तालमीत कमावले, वारीत लावले

आपल्या विट्याकडे तालमीत घाम गाळणाऱ्या पोरांनी वै. विष्णुबुवा जोगांचे चरित्र अवश्य ऐकावे. बुवा १८६७ साली पुण्यास जन्मले. तरुणपणी कुस्तीचा भारी नाद. तालमीत देह कमावला. पुढे ज्ञानोबा-तुकोबांचा नाद लागला, तरी ती कमाई वाया गेली नाही. आजन्म ब्रह्मचर्य पाळले, कीर्तनाचा पैसा घेतला नाही. संसाराची ओढाताण नाही, बिदागीची चिंता नाही. साठले बळ एकाच कामी लागले. १९१७ साली आळंदीस त्यांनी वारकरी शिक्षण संस्था उभी केली. १९२० साली, पन्नाशी नुकती ओलांडली असता, देह ठेवला. संस्था आजही कीर्तनकार घडवीत आहे. बाबांनो, बळ कमवावेच. पण चहूकडे सांडले तर वारीला काय उरणार?